बगळ्याचे आठ सेकंद

"घ्या, अकरावी टेप! हीसुद्धा थेट मारामारीनंच सुरू," युलियार्तीबाईंनी कपाळाला हात लावला. "वार्सिनीबाई, सगळ्या सेमारांग शहरानं या बगळ्याशी काय वैर धरलं होतं हो?"

वार्सिनीनं पुढं ठेवलेला चहा निवत चालला होता, टेम्पेच्या तळलेल्या सोयाबीन-कापांना कुणी हात लावला नव्हता. युलियार्तीबाई निवृत्त शिक्षिका. जुन्या व्हिडिओ टेपांच्या सुरुवातीला कंपन्यांची हलती चिन्हं असत, ती जमवायचा त्यांना नाद. लोकांच्या माळ्यावरच्या बुरशी चढलेल्या टेपा मागून आणायच्या, पुसायच्या, लावून बघायच्या. 'बांगाउ व्हिडिओ' कंपनीचा उडता बगळा तेवढा कुठं सापडत नव्हता.

त्या बगळ्याची चित्रं काढणारा दार्सोनो, वार्सिनीचा नवरा, समोरच वेताच्या खुर्चीत बसला होता. काचबिंदूनं एक डोळा केव्हाच गेला होता. दुसराही फार तर दोन महिने, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"नजर जायच्या आत एकदा बघायचा होता," तो म्हणाला. "बगळा कसला, बाई, आमची वेनिंग होती ती."

सहा वर्षांच्या लेकीच्या हातांना जुनं सारोंगचं कापड पंखांसारखं बांधून त्यानं तिला अंगणात पळवलं होतं. ती पळायची, तो काढायचा. शंभरावर चित्रं झाली. "बाबा, अजून किती वेळा?" असं दर फेरीला कुरकुरायची आणि अंगणाच्या टोकाला पोचली की थांबून मागं बघायची, बाप बघतोय ना म्हणून. ते वळून बघणंही त्यानं बगळ्याला दिलं. पुढच्याच वर्षी पोर तापानं गेली. समुद्राचं पाणी घरात शिरलं तेव्हा चित्रांचा लगदा झाला. लेकीचं हलतं असं बगळ्याच्या त्या आठ सेकंदांपलीकडे जगात काही उरलं नाही.

युलियार्तीबाई अकरावी टेप डब्यात घालू लागल्या. डब्यावरचं वळणदार अक्षर वार्सिनीचंच होतं. बांगाउच्या टेपांच्या नकला काढायच्या खोलीत ती त्या काळी कामाला होती. मूळ टेप एका यंत्रात, कोऱ्या टेपा शेजारच्या आठ यंत्रांत, आणि बटण तिच्या हाती.

"नका शोधू," ती एकदम म्हणाली. "मीच उडवलाय तो. सगळ्या टेपांतून."

"अहो, काय सांगता!"

"दिवसातून वीस वेळा पोर पडद्यावर पळायची आणि वळून माझ्याकडे बघायची. कुठली आई बघेल? मी डोळे मिटायची, आठ आकडे मोजायची, मग नक्कल उतरवायचं बटण दाबायची." तिनं नवऱ्याकडे बघितलं. "मारा मला हवं तर. तुमची पोर मी पुसून टाकली."

"ठाऊक आहे मला," दार्सोनो म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"बाजारात लोक चिडवायचे, दार्सोनो, तुझा बगळा उडाला का रे? कंपनीचा मालक विचारायला आला, त्याला म्हटलं, यंत्रं जुनी झालीत."

"आणि मला एका शब्दानं नाही बोललात! इतकी वर्षं!" वार्सिनी भडकली. "मी इथं आतल्या आत जळतेय आणि हा माणूस खुशाल पोटात ठेवून बसलाय!"

"काय बोलायचं, वार्सिनी? तू घरी यायचीस तीच डोळे सुजवून."

"मग आज कशाला मांडलाय हा तमाशा?"

"वाटलं, एखाद्या दिवशी मोजायला चुकली असशील."

युलियार्तीबाईंनी बाहीनं नाक पुसलं आणि मुकाट्यानं शेवटची, बारावी टेप यंत्रात सारली. यंत्र घरघरलं. सवयीनं वार्सिनीचे डोळे मिटले, ओठ हलू लागले. एक, दोन...

"अगं बाई! थांबा, थांबा!" युलियार्तीबाई ओरडल्या. "पांढरं काहीतरी होतं!"

वार्सिनीनं डोळे उघडले तोवर पडद्यावर सिनेमातली बोट निघाली होती.

"वळली," दार्सोनो म्हणाला. "पळताना नाही दिसली. शेवटचं वळून बघणं तेवढं आलंय. सातच मोजलेस तू."

मग त्यानं चाचपडत बायकोचा हात धरला.

"तू नाहीच बघितलंस ना?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

टेप मागं गेली. वार्सिनीनं त्याची खुर्ची पडद्यापाशी ओढली, शेजारी जमिनीवर बसली, बटण दाबलं आणि डोळे उघडे ठेवले.