दोष कुणाच्या पायाचा

गाडी अडखळते ती वहिनींच्या पायामुळे, असा निकाल मास्तरांनी तीन आठवड्यांपूर्वीच देऊन टाकला होता. आणि जन्मभर भूमिती शिकवलेल्या माणसाने एकदा निकाल दिला की त्याचा सिद्धांत व्हायला वेळ लागत नाही, हे वहिनींना लग्नापासून ठाऊक होते. मास्तरांचा एक डोळा अधू झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना रस्त्यावर गाडी चालवायला साफ मनाई केली. तेव्हा वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी वहिनींनी शिकाऊ परवाना काढला. परवा त्यांची परीक्षा होती, ती याच जुन्या गाडीवर द्यायची होती, आणि ही गाडी पेडल दाबले की पुढे जाण्याआधी दोन-तीन गचके खात असे. "हिला नाही जमलं तर विकून मोकळा होतो," असे मास्तर पुतण्याला फोनवर सांगत असताना वहिनींनी ऐकले होते. त्यांनी मनाशी ठरवून टाकले की, दोष खरोखरच आपल्या पायाचा निघाला तर परीक्षेला जायचेच नाही.

मिस्त्रींचे गॅरेज एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात होते. पुढे पत्र्याची शेड, मागे लांबरुंद मोकळे मैदान. मिस्त्री साठीच्या घरातले, सडपातळ आणि मोजके बोलणारे. प्रश्न विचारून संपल्याखेरीज हा माणूस पान्याला हात लावत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

मास्तरांनी खिशातली वही उघडली. "प्लग नवे घातले. ठिणगीचे पॉइंट साफ केले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. एकेक शक्यता खोडत आलो. उरला तो हिचा पाय."

"एवढंच उरलं, हे कुणी ठरवलं?"

"तर्काने."

"बरं. वहिनी, तुम्ही सांगा. गचके गाडी थंड असताना बसतात, की तापल्यावर?"

वहिनी क्षणभर गोंधळल्या. तीन आठवड्यांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. "दोन्ही वेळा," त्या म्हणाल्या. "पण एका वेगाने जाताना अगदी शहाण्यासारखी चालते. पाय जरा झटकन दाबला की आधी दम तुटल्यासारखं करते, आणि मग धावते."

"झटकन!" मास्तर उसळले. "ऐकलंत? हा कबुलीजबाब झाला. अगं, गाडी आहे ती, तुझं शिलाई मशीन नव्हे."

"अहो, शिलाई मशीनसुद्धा पायानेच चालतं. तीस वर्षांत माझा एक टाका वाकडा गेला असेल तर दाखवा."

मिस्त्रींचा एक शिरस्ता होता: तक्रार ज्याची, गाडी त्याने चालवायची, आणि आपण मागच्या सीटवर बसायचे. वहिनींनी मैदानात गाडी काढली, दुसरा गिअर टाकला, पेडल दाबले. गाडीने एक हिसका दिला, मग दुसरा, आणि मग ती पळाली. मिस्त्री मागे डोळे मिटून बसले होते. त्यांनी फेरी पूर्ण करायला लावली आणि म्हणाले, "आता मास्तर. इथे रस्ता नाही, माणूस नाही. सावकाश चला."

मास्तर बसले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. एक फेरी, दोन फेऱ्या. गचक्याचे नाव नाही. खाली उतरताना त्यांच्या चेहऱ्यावर विजय मावत नव्हता. शेडच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या वहिनींना मात्र परवाची परीक्षा हातची गेलीशी वाटली. याहून लख्ख पुरावा आणखी कोणता हवा?

"पुन्हा एकदा बसा, मास्तर," मिस्त्री म्हणाले.

या वेळी ते पुढे, मास्तरांच्या शेजारी बसले. आणि समोर न पाहता खाली वाकून मास्तरांच्या बुटाकडे पाहत राहिले. फेरी संपल्यावर त्यांनी विचारले, "तुम्ही मध्ये थांबता कशाला?"

"मी? कुठे थांबतो?"

"पेडलला आधी नुसता बूट टेकवता, निमिषभर थांबता, आणि मग केसाकेसाने दाबता. आता मी हो म्हटलं की थेट दाबायचं. न थांबता. हो!"

मास्तरांनी दाबले. गाडीने असे तीन गचके दिले की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

मास्तरांनी चष्मा वर सारला. मिस्त्रींच्या आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. "दोष गाडीच्या अंगात हळूहळू भिनत गेला, वर्ष-दोन वर्षं. तुमचा पाय त्याच्याबरोबर हळूहळू शहाणा होत गेला, आणि तुम्हाला पत्ताच नाही. वहिनींचा पाय नवा. गाडी खरी कशी आहे, ते त्यालाच कळलं."

तरीही त्यांनी घाई केली नाही. चोक अर्धा ओढून त्यांनी वहिनींना आणखी एक फेरी मारायला सांगितली. गचके निम्म्याहून कमी झाले. "चोकने पेट्रोलचं प्रमाण वाढलं आणि गाडी सुधारली," ते म्हणाले. "म्हणजे ठिणगी ठीक आहे, उपासमार पेट्रोलची आहे. आणि तीही फक्त पाय दाबण्याच्या क्षणी." वहिनींना त्या क्षणी या माणसाविषयी जो आदर वाटला, तो त्यांना आजवर फार थोड्या विद्वानांविषयी वाटला होता. अंदाज म्हणून हा माणूस एक शब्द बोलत नव्हता. प्रत्येक पायरीवर आधी स्वतःचे वजन टाकून पाहत होता.

इंजिन बंद करून मिस्त्रींनी हवेच्या फिल्टरचे झाकण काढले आणि कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा झोत टाकला. "या वहिनी, बघा. मी हा दांडा फिरवतो, म्हणजे पेडल दाबल्यासारखंच. त्या तिथून पेट्रोलची बारीक धार उडायला हवी."

धार उडाली नाही. तोटीच्या टोकाशी एक थेंब जमला, आणि बराच वेळ विचार करून खाली पडला.

"पाय दाबला की हवा लगेच धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. ती खोट भरून काढायला इथे एक छोटा पंप असतो. तोच थकलाय." चार स्क्रू सोडून त्यांनी पंपातला रबरी पडदा बाहेर काढला, उजेडात धरला आणि बोटांनी किंचित ताणला. कडेला केसाएवढी चीर उघडली.

मास्तरांनी तो पडदा हातात घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला, बराच वेळ पाहिला. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "मी चुकलो."

नवा पडदा बसला. दांडा फिरवताच सरळ, सुतासारखी धार उडाली; मिस्त्रींनी ती तीनदा उडवून पाहिली आणि मगच झाकण लावले. "चला वहिनी. एकट्या जा. आता गचका बसला तर तो तुमचा."

वहिनींनी पेडल दाबले, आणि गाडीने हिसका दिला.

पण त्या थांबल्या नाहीत; मिस्त्रींनी मास्तरांचा पाय जसा पाहिला होता तसा त्यांनी आपला पाहिला. दाबता दाबता तो स्वतःच मागे सरला होता. गचका येणार या धास्तीने, बोलणी बसणार या धास्तीने, तीन आठवड्यांत त्याला ती खोडच लागली होती. पुन्हा दुसरा गिअर. या वेळी त्यांनी पाय निःशंक दाबला आणि दाबलेला ठेवला. गाडी एका श्वासात उचलली गेली.

तिसरा गिअर पडला तेव्हा वहिनींनी आरशात पाहिले. शेडच्या तोंडाशी मास्तर उभे होते. बूट जमिनीवर टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत मिस्त्रींना काहीतरी विचारत होते, आणि मिस्त्री मान हलवत होते. परवाच्या परीक्षेत चढावर थांबून पुन्हा निघायला सांगतात, हे वहिनींना आठवले. मैदानाच्या टोकाला गोदामात माल चढवायचा जुना रॅम्प होता. त्यांनी गाडी तिकडे वळवली.