उजवीकडची खुर्ची

काउंट गुंडाकारने मेजाच्या टोकाची खुर्ची मागे ओढली, तसा म्हातारा नोकर फ्लोरियान हळूच खाकरला.

"सरकार, तुमची जागा तिकडं मांडलीय."

जावई एमेरिख अवघडून उभाच होता. "असू दे हो. बसा तुम्ही इथंच."

"छे, छे!" मुलगी हेडविग म्हणाली. "पपांचा मान मोठा. माझ्या उजव्या हाताला बसतील ते."

काउंट तिच्या उजवीकडे जाऊन बसला. खुर्च्यांचं त्याला कुणी सांगायला नको होतं. अशाच एका खुर्चीच्या मानावरून त्याने इस्तंबूलला सव्वा महिना तह अडवून धरला होता, आणि वर त्याबद्दल पदकही मिळवलं होतं. टोकाला घरधनी, आणि घरधनिणीच्या उजवीकडे सगळ्यांत मानाचा पाहुणा. घरच्या माणसाला तिथे कुणी बसवत नाही.

सम्राटांनी परवाच त्याचा राजदूतपदाचा राजीनामा मंजूर केला होता. अडतीस वर्षं सहा दरबारांत वाकून वाकून पाठ कामातून गेली होती. आता मोरावियातल्या या आपल्या घरातच उरलेले दिवस काढायचे, हे आज जेवताना मुलीला सांगायचं त्याने व्हिएन्नाहून निघतानाच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

सूपनंतर उकडलेलं मांस आलं. हेडविगने त्यातला मऊ तुकडा निवडून त्याच्या ताटलीत वाढला. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तो लिस्बनला.

"दमलात ना पपा? वरची निळी खोली उघडून ठेवलीय. पाहुण्यांसाठी नवीनच रंगवून घेतली." मग तिने सहज विचारलं, "या खेपेला किती दिवसांची सुट्टी?"

त्याला एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. त्याने रुमालाने ओठ टिपले.

"गुरुवारी निघेन म्हणतो."

"इतक्यात? अजून धड बोलणंही झालं नाही आपलं!"

काउंटने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. पाहुण्याने निघायचं नाव काढलं की घरच्या बाईने नेमकं हेच म्हणायचं असतं, हे ती तेरा वर्षांची असताना त्यानेच तिला पत्रातून शिकवलं होतं. ती मनापासून म्हणाली की रीत म्हणून? जन्मभर परक्यांचे चेहरे वाचत आलेल्या त्या माणसाला काही केल्या ते कळेना.