स्लोचा स्क्रू कोण फिरवतंय?

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, ही बाई मीठ खारट आहे ना तेसुद्धा दोनदा चाखून बघेल. बघेनच. पण गाडीच्या बाबतीत माझा संशय उगाच नव्हता.

गाडी सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं आणि ते बंद केल्यावर ही एकच गाडी घरी आणली. तिचं वय माझ्या लग्नापेक्षा जास्त. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. पहाटे साडेपाचला निघायचं, वीस घरं करायची आणि साडेनऊच्या आत बर्फाची पेटी लॅबच्या टेबलावर ठेवायची. गेल्या महिन्यापासून गाडी सिग्नलला उभी राहिली की थडथडायला लागली, मग बंद पडायला लागली. दोनदा उशीर झाला आणि लॅबच्या मॅडमनी दोनदा लेखी चिठ्ठी दिली. दुसरीत स्वच्छ लिहिलं होतं की पुन्हा उशीर झाला तर माझ्या फेऱ्या दुसऱ्या बाईला जातील. अकरा वर्षं हे काम करतेय मी. ते गेलं तर या वयात मला दारात कोण उभं करणार?

नवऱ्याचं एकच पालुपद. "भंगारात काढ तिला. स्कूटर घे."

"आणि बर्फाची पेटी काय डोक्यावर ठेवू?"

"तू बघ बाई."

हे 'बघ बाई' मला खटकलं. माणूस इतकं थंडपणे बोलतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी शिजत असतं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्याने बॉनेटही उघडलं नाही, थेट म्हणाला, "ताई, इंजिन उतरवावं लागेल." अहो, डॉक्टरसुद्धा आधी जीभ तरी बघतो! याच्या हाती देण्यापेक्षा मीच बघते म्हटलं. खरं तर सासऱ्यांना विचारायला हवं होतं. पण ते हल्ली फारसं बोलत नव्हते. चहा अर्धाच कप मागायचे आणि तोही खोलीत नेऊन, दार लोटून प्यायचे. त्यांच्या गाडीची मी वाट लावली म्हणून रुसले असणार, असं मी धरून चालले. रुसा म्हटलं.

रविवारी शेडमध्ये गाडीसमोर पदर खोचून उभी राहिले. मेकॅनिकच्या घरात वीस वर्षं काढली की थोडंफार कानावर पडतंच. गाडी चालू ठेवून चारही प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. जी काढली तरी इंजिनाला फरक पडत नाही, तिचा प्लग मेलेला, एवढं मला माहीत होतं. पण प्रत्येक वेळी इंजिन सारखंच खाली बसायचं, म्हणजे चारही ठणठणीत. यात एक झटका असा बसला की त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग रबरी नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. नळीला चीर असेल तर ती पाणी आत ओढते आणि इंजिनाचा सूर बदलतो. तसंही काही झालं नाही.

राहता राहिला कार्बोरेटर. त्यावर एक स्लोचा स्क्रू असतो, गाडी उभी असताना इंजिन किती वेगाने फिरावं ते तो ठरवतो. शेजारी दुसरा, मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा किती मिसळावी ते ठरवणारा. दोन्ही भलतीकडेच फिरलेले! पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत मी ते जागेवर आणले. गाडी इतकी शांत झाली की चालू आहे ना ते बघायला मला वाकावं लागलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सोमवारी गाडी छान चालली. मंगळवारी सकाळी पुन्हा थडथड.

आता मला सांगा, स्क्रूखाली स्प्रिंग असते ती कशाला? तो आपोआप फिरू नये म्हणून. म्हणजे फिरवणारा कोणीतरी होता. मी स्क्रू पुन्हा जागेवर आणला आणि त्याच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. बुधवारी सकाळी रेघ तुटलेली होती.

घरात माणसं तीन. त्यातली एक मी.

नवरा पेपर वाचत होता. मी त्याचा हात धरून बोटांचा वास घेतला.

"काय गं?"

"काही नाही. प्रेम आलं."

तो घाबरलाच. बोटांना जलरंगांचा वास होता, तो शाळेत चित्रकला शिकवतो. पेट्रोलचा नव्हता. पण बेसिनवरच्या साबणाला काळा डाग होता. हात धुऊन आलाय लबाड, म्हटलं, आणि त्या दिवशी त्याच्या चहात साखर घातली नाही. रोज पहाटे स्क्रू जागेवर आणूनच निघायला लागले.

शनिवारी त्याची शाळा अर्धा दिवस. पहाटे उठणारी मी दुपारी मेल्यासारखी झोपते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. जेवणं झाल्यावर मी मुद्दाम मोठ्याने जांभई दिली, "मी झोपते हं," म्हणाले आणि डोळे मिटून पडले. तीनच्या सुमाराला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बरोब्बर पकडला म्हणत उठले, तर नवरा शेजारीच घोरत पडलेला. मी अनवाणीच शेडकडे पळाले.

बॉनेट उघडं होतं. सासरे मडगार्डवर डावा तळहात पसरून वाकले होते. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"म्हणजे तुम्ही!" मी ओरडले. "मी घरभर चोर शोधतेय आणि इथे कुंपणच शेत खातंय! मी ही गाडी चालवलेली तुम्हाला बघवत नाही, एवढंच ना बाबा? तोंडाने सांगायचं होतं!"

ते दचकलेसुद्धा नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं असावं. "बरं झालं आलीस, सूनबाई. महिना झाला, रोज दुपारी हिला जागेवर आणतो, पण ही दाद देत नाही. कानाला बरी लागते, पण कान फसवतो. तळहात फसवत नाही. आतून थरथरतेय बघ. हिच्यापायी तुझं काम जायला नको."

चोर तो चोर, वर शिरजोर! इंजिनाच्या घरघरीत मनासारखं भांडता येत नाही, म्हणून मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली आणि गाडी बंद केली. कमरेवर हात ठेवून वळले आणि तोंड उघडलं.

टक टक टक टक.

त्यांचा डावा हात अजून मडगार्डवर होता. नखं पत्र्यावर वाजत होती.

"बंद केलीस ना?" त्यांनी विचारलं.

"केली."

त्यांनी हात उचलला. आवाज थांबला. पुन्हा ठेवला. दोन क्षण काहीच नाही, मग पुन्हा टक टक. तिसऱ्यांदा त्यांनी ठेवून बघितला नाही. आयुष्यभर बिघाड शोधलेला माणूस होता तो.

रोज वीस परक्या माणसांचे हात हातात घेते मी, आणि घरातल्या म्हाताऱ्याचा हात मला दिसला नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू.

"म्हणजे गाडी बरी होती," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आणि तुझ्या त्या दोन चिठ्ठ्या? त्या माझ्यामुळे?"

"छे हो बाबा. रस्त्यात गर्दी होती."

"खोटं बोलतेस."

"हो," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

त्यांनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. स्क्रूड्रायव्हर शर्टाला पुसला आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरला.

"हा लपवून ठेव. कुठे ते मला सांगू नकोस. आत्ता कळतंय मला, पण उद्या दुपारी पुन्हा वाटेल की गाडीच थरथरतेय, आणि मी मागायला येईन. गोड बोलेन, चिडेन, तुला काय कळतं म्हणेन. देऊ नकोस."

मी तो घेतला. "नाही देणार," म्हटलं.