बाईंच्या मागून

पहिलीच्या बाईंचा खाक्याच वेगळा होता. अक्षर फळ्यावर नंतर; आधी आवाज कानात, मग तोंडात. बाई म्हणणार, वर्ग मागून म्हणणार. कुणी गप्प बसलं की लगेच, "ओठ शिवून आलात का रे घरून?" 'र' शिकवण्याची तऱ्हा तर न्यारीच. जीभ टाळूला लावून मोटार सुरू केल्यागत 'रर्रर्र' करत त्या बाकांमधून फिरत, आणि अख्खा वर्ग थुंकी उडवत मागून निघे.

यंदा ती मोटार सुरूच होईना. जीभ जड पडत चालली होती. सुट्टीत डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जिभेच्या नसा निकामी होताहेत. औषधाने आजार जरा मंदावेल, पण गेलेलं परत येणार नाही. नवरा म्हणाला, "आता बस झाली शाळा." बाई उसळल्या, "मग काय भिंतींना शिकवू?" वर्ग सुटला की आपण संपलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून शाळेत त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शिक्षकांच्या खोलीत 'र' असलेले शब्द चुकवून बोलायचं, नाहीतर घसा बसलाय म्हणून मान हलवायची. वर्गात मात्र मनसोक्त बोलायचं. लेकरांना काय कळतंय!

आणि खरंच, लेकरांना काही कळलं नाही.

एके दिवशी दवाखान्यामुळे बाईंना यायला उशीर झाला. दुसरीच्या बाई, त्यांची जिवाभावाची मैत्रीण, तेवढ्यापुरता वर्ग सांभाळत होत्या. बाई दाराशी पोहोचल्या तर आत चित्रांचे तक्ते वाचणं चाललेलं.

"हलण!" वर्ग ओरडला. "घल! मगल!"

दुसरीच्या बाईंनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. आवाज खणखणीत म्हणून सगळे तिला भोंगा म्हणत. "अगं, शाळेत आलीस तेव्हा किती छान म्हणायचीस! म्हण बघू, हरण."

"हलण."

"नीट म्हण."

"नीटच म्हणतेय!" भोंगा फणकारली. "आमच्या बाई अश्शंच म्हणतात. तुम्हालाच येत नाही!"

बाई दारातच थबकल्या. हे 'ल' त्या कितीतरी दिवस ऐकत होत्या. दुधाचे दात पडताहेत, दरवर्षी चार-दोन पोरं बोबडी असतातच, अशी स्वतःची समजूत घालत होत्या. आज बाहेर उभं राहून ऐकलं, तेव्हा समजलं की पोरं बोबडी नव्हतीच. पोरं हुशार होती. बाईंचा आजार त्यांनी बिनचूक पाठ केला होता.

मैत्रिणीने वळून पाहिलं, आणि बाईंचा चेहरा बघून तिला सगळं उमगलं. ती बाहेर आली.

"कधीपासून गं?"

"सुट्टीपासून."

"आणि मला बोलली नाहीस?" तिचे डोळे भरून आले. "सुट्टी घे थोडी. मी मोठ्या बाईंशी बोलते, काहीतरी मार्ग..."

"नको. आजपासून तूच शिकव," बाई म्हणाल्या. बोलताना काळीज तुटत होतं, पण पोरांचं नुकसान त्यांना बघवेना. "फक्त त्यांना मी सांगते."

त्या आत गेल्या. भोंगा जिंकल्यासारखी टुणकन उठली. "बाई, सांगा ना यांना!"

बाई तिच्या बाकाशी वाकल्या. "यांचंच खलं आहे, बाळा. माझी जीभ आजाली आहे." मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "आजपासून माझ्यासालखं म्हणू नका."

सवयीप्रमाणे साऱ्या वर्गाने छाती भरून श्वास घेतला.

"आजपासून माझ्यासालखं म्हणू नका!"

दुसरीच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. पोरं माना वर करून पुढच्या वाक्याची वाट बघत होती. बाईंच्या घशाशी हुंदका आला होता, तो त्यांनी तसाच गिळला. न जाणो, तोही सगळे मागून म्हणतील.