झोळीच्या काठ्या

काट्यावर: एक किलो दोनशे.

"आई, ही घरीच ठेव. केवढी जड आहे!" लेक म्हणाली. उद्या आम्ही दोघी डोंगरात मुक्कामाला निघणार होतो. झाडांना बांधायची ही झोळी बाबांनी माझ्यासाठी शिवलेली. दोन आडव्या काठ्यांमुळे तिच्यात खाटेसारखं सपाट झोपता येतं. लहानपणी मी ती पाठीवर टाकून पळायचे.

मी बाबांना फोन लावला. "ही इतकी जड कधी झाली हो?"

"काठ्या माझ्या सॅकमध्ये असायच्या, बाई. तुझी कुरकुर त्याहून जड होती."

मी काठ्या गुपचूप माझ्या सॅकमध्ये सरकवल्या. "परत वजन कर बरं."

काट्यावर: सातशे.

"मघाशी काटाच चुकला होता वाटतं," लेक म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.