बर्फावरचे नाणे

२०१६ साली सप्टेंबर महिन्यात ज्या बुधवारी सबंध साउथ ऑस्ट्रेलियाची वीज गेली, त्या दुपारी मर्ल हॉस्किन स्कोनसाठी पिठात लोणी चोळत होती. रेडिओवरचा माणूस वाऱ्याचा वेग सांगता सांगता मध्येच गप्प झाला. फ्रिजने एक आचका दिला आणि तोही थांबला. मर्लचे हात पिठात तसेच राहिले.

मागच्या दाराने तिचा नवरा डेस आत आला. टोपीतून पाणी गळत होते. ती काढून त्याने खुंटीला अडकवली.

"गेली?"

"गेली."

"येईल," तो म्हणाला. बाहेर गॅरेजच्या भिंतीवर त्यांची पांढरी बॅटरी होती. तिचा हिरवा दिवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असे. त्या वेळी तो विझलेला होता. डेसने खिडकीकडे पाहिले नाही, किटली गॅसवर ठेवली.

बॅटरी बसवून चार महिने झाले होते. त्या काळी वॅरो गावात घरोघरी छपरावर सोलरचे पत्रे होते, पण बॅटरी कोणाकडेच नव्हती. दिवसा छपरावर पडलेले ऊन रात्री वापरायचे, हे मर्लच्या मनाने घेतले. विजेचे बिल आले की तिचा दिवस वाईट जाई. बॅटरीचे चौदा हजार डॉलर झाले. ते डेसच्या निवृत्तीच्या पैशातले होते. धान्याच्या कोठारांवर सारा जन्म काढलेल्या डेसला गाडीमागे ओढायचा एक जुना कॅरव्हॅन घेऊन पार उत्तर टोकाच्या डार्विन शहरापर्यंत जायचे होते. मर्लने बॅटरीचे काढले तेव्हा तो म्हणाला, "बरं, डार्विन काही पळून जात नाही."

बसवायला आलेल्या माणसाने तिला नीट समजावले होते.

"बाई, एक ध्यानात घ्या. नुसती बॅटरी तुमचं रात्रीचं बिल कमी करते. बाहेरची लाइन गेली की हीसुद्धा बंद पडते. लाइन दुरुस्त करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. लाइन गेल्यावरही घर चालू राहायला हवं असेल तर बॅकअपची वेगळी पेटी लावावी लागते. दोन हजार जास्त पडतील."

चौदाचे सोळा होणार म्हटल्यावर मर्लने मान हलवली. "वर्षातून कितीदा जाते इथली वीज? राहू दे ती पेटी," ती म्हणाली.

एवढ्यावर राहते तर काही बिघडले नसते. पण पुढच्याच शुक्रवारी गावातल्या बोल्स खेळाच्या क्लबात चहाच्या वेळी क्लाइव्ह ट्रेझाइसने तिला धरले. क्लाइव्ह बँकेतून निवृत्त झालेला, आणि दुसऱ्याचा खर्च मोजण्याची त्याला दांडगी हौस. त्याने बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला.

"चौदा हजार! मर्ल, हे पैसे फिटायला एकोणीस वर्षं लागतील. म्हणजे तू अठ्ठ्याऐंशीची होशील बघ. तेव्हा आम्हाला पार्टी दे हं, असलोच तर!"

सगळे हसले. मर्लचे कान तापले. डेससुद्धा कपात बघून हसला, तेच तिला जास्त लागले.

"हसा," ती म्हणाली. "ज्या दिवशी गावाची वीज जाईल ना, तेव्हा एकट्या माझ्या घरात दिवा असेल. मग या सगळे माझ्या दारात. मी काही नाही म्हणणार नाही."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण हसू थांबले होते आणि सगळ्या बायका तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. ते बरे वाटले. मग पुढच्या चार महिन्यांत तेच वाक्य तिने आणखी दोन-तीनदा म्हटले. दर वेळी ते जरा जास्त खरे वाटू लागले.

डेसची किटली उकळायच्या आत दारावर थाप पडली. शेजारची झोर्का आली होती. रेनकोट उलटा घातलेला, आणि छातीशी टॉवेलात काहीतरी गुंडाळलेले.

"घे गं बाई, लवकर घे. हात गोठले माझे."

टॉवेलातून पुठ्ठ्याचे दुधाचे खोके निघाले. वरचा भाग कापलेला, त्यावर प्लॅस्टिक ताणून रबर लावलेले. आत पाणी गोठवलेले आणि त्यात व्हायटिंग माशाचे काप. त्या किनाऱ्यावरचे जुने कोळी मासा असाच ठेवत.

मर्लला ते खोके कशाचे आहे ते माहीत होते. गल्लीत सगळ्यांनाच माहीत होते. झोर्काचा नवरा शिमे तीन वर्षांपूर्वी गेला, त्याच्या मासेमारीच्या शेवटच्या फेरीतला हा मासा. बाकीचा मासा त्याच्या अंत्यविधीला आलेल्या लोकांनी खाल्ला. हे एक खोके झोर्काने मुलासाठी मागे ठेवले. मुलगा मारिन पर्थला होता. बोट विकण्यावरून बापलेकांचे बोलणे तुटले ते तुटलेच. अंत्यविधीला तो आला आणि त्याच संध्याकाळी परत गेला.

"ख्रिसमसला येतो म्हणालाय," झोर्का म्हणाली. "आमच्या मायदेशी आदल्या रात्री मासाच लागतो, मांस नाही. बापाच्या हातचा मासा त्याच्या ताटात वाढीन. न बोलता खाल्ला तरी चालेल."

"झोर्का, तुझा फ्रीझर गच्च भरलेला असतो," मर्ल हळूच म्हणाली. "झाकण उघडलं नाहीस तर त्यात..."

"आणि वीज आठवडाभर आली नाही तर? तूच म्हणाली होतीस ना, सगळ्यांदेखत? नाहीतर मी पावसात कशाला आले असते!" ती फ्रिजसमोर उभी राहिली आणि मग तिने छताकडे पाहिले. "दिवा का गं लावला नाहीस?"

डेस किटलीपाशी पाठमोरा उभा होता. त्याने गॅस बारीक केला.

"बॅटरी पुरवायला हवी ना," मर्ल म्हणाली. "दिव्यांत कशाला घालवायची. नुसता फ्रिज चालू ठेवलाय."

"हुशार आहेस!" झोर्काने स्वतःच वरचा कप्पा उघडला. आत अजून गार होते. तिने खोके सरळ उभे केले आणि प्लॅस्टिकवर बोट टेकवले. "हे नाणं बघ. शिमे प्रत्येक खोक्यात बर्फावर एक नाणं ठेवायचा. आपण घरात नसताना फ्रीझर बंद पडून परत चालू झाला, तर कळणार कसं? बर्फ वितळला की नाणं बुडतं. नाणं वर, तर मासा चांगला."

हिमाने पांढरे झालेले नाणे प्लॅस्टिकखाली पुसट दिसत होते. मर्लने मान डोलावली आणि कप्प्याचे दार लावले.

गुरुवारी सकाळी तिने कप्पा उघडून पाहिला. खोके कडक होते, पण बाहेरून घामेजले होते. नाणे वर होते. मागे किल्ल्या वाजल्या. डेस कोट घालून उभा होता.

"पबचा मालक लेन, त्याचं जनित्र चालू आहे," तो म्हणाला. "बर्फाची खोलीही आहे त्याच्याकडे. पाच मिनिटांत ठेवून येतो."

पबात सगळे गाव जमले असणार, फोन चार्ज करायला, गरम जेवायला. क्लाइव्ह तर खुर्ची टाकून बसला असेल. त्यांच्यामधून डेस दुधाचे खोके हातात धरून जाणार.

"चहा घे आधी," ती म्हणाली.

त्याने किल्ल्या खुंटीला लावल्या, कोट काढला आणि चहा घेतला.

दुपारी क्लाइव्ह दारात आला. पबात फोनसाठी रांग होती म्हणे.

"मर्लबाई, आलो तुमच्या दारात! हा फोन तेवढा लावा."

"फक्त फ्रिजपुरतीच आहे रे."

"चौदा हजाराचा फ्रिज!" तो खूश होऊन म्हणाला. "वा! आतलं लोणी तरी सोन्याचं आहे ना?"

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती हसत उभी राहिली. आत आली तेव्हा फ्रिजखाली पाणी आले होते. तिने फडके आणले, गुडघ्यांवर बसून लादी पुसली, फडके पिळले, परत पुसली. कप्पा मात्र उघडला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वीज आली. रेडिओ एकदम बोलू लागला. गॅरेजच्या भिंतीवर हिरवा दिवा लागला, इतका निवांत, जसे काही झालेच नव्हते.

शनिवारी सकाळी खोक्यातले पाणी पुन्हा दगडासारखे गोठले होते. वरचा बर्फ सपाट होता. त्यावर काही नव्हते.

मर्लने खोके उजेडात नेले, कलते करून पाहिले. मग रबर काढले, प्लॅस्टिक बाजूला केले. पर्समधून पाच सेंटचे नाणे काढून ते साबणाने धुतले. बर्फावर ठेवून वर चमचाभर पाणी सोडले, प्लॅस्टिक पुन्हा ताणून बसवले. रबर बोटांतून दोनदा निसटले. डेस बाहेर वाऱ्याने पडलेल्या फांद्या गोळा करत होता. तो खिडकीसमोरून गेला आणि त्याने आत पाहिले नाही, हे तिच्या ध्यानात आले.

रविवारी झोर्का खोके न्यायला आली. तिने प्लॅस्टिकवर बोट फिरवले, नाण्यापाशी थांबवले. मग मर्लच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"माझा शिमे राखलास गं," ती म्हणाली.

ख्रिसमस आला. आदल्या दिवशी दुपारी झोर्काच्या दारात पर्थची गाडी लागली. मर्ल सारी संध्याकाळ व्हरांड्यात झाडांना पाणी घालत होती. उकाड्यामुळे शेजारच्या खिडक्या उघड्या होत्या, पण काही ऐकू आले नाही. रात्री केव्हातरी एकदा दोघांचे हसणे ऐकू आले.

ख्रिसमसच्या दुपारी झोर्का ताटलीत तळलेले गोड गोळे घेऊन आली. वर पिठीसाखर भुरभुरलेली. तिने ताटली ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"मारिन झोपलाय. लहान असताना झोपायचा तसा, तोंड उघडं टाकून."

"बरं झालं आला," मर्ल म्हणाली. मग तिला राहवले नाही. "मासा... कसा झाला?"

"काल आम्ही अंडी तळली," झोर्का म्हणाली. "ख्रिसमसच्या आदल्या रात्री अंडी! शिमे असता तर ताट फेकलं असतं. मारिन तेच म्हणाला. मग आम्ही दोघं हसलो."

तिने एप्रनच्या खिशात हात घातला आणि पाच सेंटचे नाणे ताटलीशेजारी ठेवले.

"हे तुझं. शिमेचं खाली निघालं, तळाशी. तो नेहमी जुनं दोन सेंटचं ठेवायचा, सरड्याचं चित्र असलेलं. चलनातून गेलेली नाणी कोणी खर्चायला काढून नेत नाही म्हणायचा."

मर्लने तोंड उघडले. झोर्का उठली, तिने ताटली जरा पुढे सरकवली.

"गरम आहेत तोवर खा. साखर जास्त झालीय थोडी."

आता झोर्का सगळ्यांना सांगेल, असे मर्लने धरून ठेवले होते. झोर्का कधी एकदा सांगून टाकते असे मर्लला होऊन गेले होते. जानेवारीत क्लब उघडला. पहिल्याच शुक्रवारी क्लाइव्हने चौदा हजाराच्या फ्रिजची गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे हसले. झोर्का टेबलाच्या दुसऱ्या टोकाला केक कापत होती.

"हसू नका रे," सुरी न थांबवता ती म्हणाली. "माझा मासा तिनेच राखला."

कोणीतरी मर्लच्या पाठीवर थोपटले. मर्ल ताटलीतल्या केककडे बघत राहिली. समोर बसलेल्या डेसने हात पुढे करून तिचा कप आपल्याकडे घेतला, त्यात चहा भरला आणि परत ठेवला. त्याविषयी तो शेवटपर्यंत कधी बोलला नाही.

त्याच वर्षी थंडी सुरू होताना मर्लने आईचा पियानो विकला आणि बॅकअपची पेटी बसवून घेतली. पूर्वीच्या दोन हजारांपेक्षा आता तिला चारशे डॉलर जास्त पडले. हे तिने कोणाला सांगितले नाही. झोर्का दोन वर्षांनी मुलाकडे पर्थला राहायला गेली. ख्रिसमसला तिचे कार्ड येते. एकदा मारिनने आईचा फोटो पाठवला होता, त्यात तिच्या मागे खिडकीच्या कठड्यावर दोन सेंटचे तांबडे नाणे दिसते. डेस २०१९ साली गेला. डार्विन पळून गेले नाही, तिथेच आहे. सरकारने बॅटरीला सूट दिली तेव्हा क्लाइव्हने मर्लच्या दुप्पट मोठी बॅटरी निम्म्या पैशात बसवली, आणि तो आकडा दर शुक्रवारी तो तिला ऐकवतो. ती ऐकून घेते.

पेटी बसवल्यावर गावाची वीज दोन-तीनदा गेली. दर वेळी मर्लने घरातला एकूण एक दिवा लावला, व्हरांड्यातलाही, आणि दार उघडे टाकून ती बसून राहिली. कोणी आले नाही. तोपर्यंत बहुतेकांनी जनित्रे घेतली होती.

तिच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एक कप असतो. कपात बर्फ, बर्फावर पाच सेंटचे नाणे. सकाळी चहाचे दूध काढताना ती तो कप्पाही उघडून बघते. नाणे वरच असते.