मागे राहिलेली बंदूक

मित्रांनो, दूर उत्तरेत, कुस्कोक्विम नदीच्या काठी एका घराच्या पडवीत, रबरी बुटांच्या रांगेच्या वर, दोन खिळ्यांवर मी आडवी टांगलेली असते. मी शिकारी बंदूक आहे आणि आता चांगलीच म्हातारी झाले आहे. माझ्या अक्रोडी दस्त्यावरची चकाकी केव्हाच उडाली. नळी मात्र आतून अजून आरशासारखी स्वच्छ आहे. त्यात माझे कौतुक काहीच नाही. ज्या हातांनी ती तशी ठेवली, त्यांचे आहे.

माझा जन्म फार दूर, एका कारखान्यात झाला. यंत्रांचा खडखडाट, तेलाचा वास आणि मग खोक्यातला लांबलचक अंधार, एवढेच तिथले आठवते. माझी खरी आठवण सुरू होते ती दुकानाच्या फळीवरून. वासिली तेव्हा तरणा होता. उन्हाळाभर मासे डबाबंद करण्याच्या कामावर राबून आला होता. त्याने मला उचलले, खांद्याला लावले, परत ठेवले. दुकानात एक फेरी मारली आणि पुन्हा उचलले. शेजारी त्याची नवी नवरी मात्रोना उभी होती.

"लग्नाआधी मला एवढं निरखून बघितलं नव्हतंस," ती म्हणाली.

"तेव्हा भीती वाटत होती, तूही मला निरखशील म्हणून," वासिली म्हणाला.

दुकानदार हसला आणि मी त्यांच्या घरी आले.

त्या शरद ऋतूत वासिलीने माझ्या साथीने पहिला मूस मारला. मूस म्हणजे घोड्याहून थोराड हरीण. एकाच्या मांसावर एक घर हिवाळा काढते. पण नव्या बंदुकीची पहिली शिकार म्हणून त्याने सगळे मांस गावातल्या म्हाताऱ्यांना वाटून टाकले. घरी तुकडाही ठेवला नाही. त्या रात्री दोघे सुका मासा खाऊन निजले, आणि निजण्यापूर्वी मात्रोनाने मला मऊ फडक्याने पुसले. मित्रांनो, शाबासकी म्हणतात ती हीच, हे मला तेव्हा समजले.

आमच्याकडे एक रीत आहे. शिकारीला निघालेला माणूस 'शिकारीला चाललो' असे कधी म्हणत नाही. कशाची शिकार, हे तर मुळीच नाही. प्राण्यांना ते ऐकू जाते, आणि बढाई मारणाऱ्याच्या वाटेला ते येत नाहीत, असे जुनी माणसे सांगतात. म्हणून वासिली बूट घालताना म्हणे, "जरा नदीवर फिरून येतो." मात्रोना म्हणे, "बरं." आणि न बोलता मोठे पातेले काढून ठेवी. एकदा त्यांची लहानगी वेरा दारातून ओरडली, "बाबा, मोठ्ठा मूस आणा." मात्रोनाने तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत तिच्या तोंडात माशाचा तुकडा कोंबला.

विमानाची मला कधी नवलाई वाटली नाही. आमच्या मुलखात रस्तेच नाहीत. नातलगांच्या गावी जायचे तर चिमुकल्या विमानाने. मी गोधडीत गुंडाळलेली मात्रोनाच्या दोन गुडघ्यांमध्ये उभी असे. माझा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून वासिलीच्या खिशात. पायाशी कुणाचा तरी कुत्रा, मागे बटाट्यांची पोती. वैमानिक मागे वळून विचारी, "त्या बाई पट्टा लावून बसल्यात का?" सगळे विमान हसे. त्या हसण्यात मीही होते.

पुढे वासिलीची मूत्रपिंडे थकली. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून घ्यावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. तसले यंत्र आमच्या गावात कुठले. तो आणि मात्रोना अँकरेज शहरात वेराच्या घरी राहायला गेले. गावातल्यांनी त्याला सांगितले, बंदूक ठेवून जा, आम्ही वापरू. तो म्हणाला, "बंदूक ठेवून गेलेला माणूस परत येत नाही."

तेव्हा माझ्यासाठी टणक पेटी आणि कुलूप आले. पेटीच्या आत फोम असतो, मऊ, माझ्याच आकाराचा कोरलेला. पण मऊ असले तरी तिथे कुणाचे गुडघे नव्हते. मोठ्या विमानाच्या पोटात मी पहिल्यांदा एकटी गेले. वर माणसे होती, खाली मी आणि सामान. फार गार होते.

वेराच्या घरी मला थंडीच्या कोटांमागे कपाटात ठेवले. शेजारी केर ओढणारे विजेचे यंत्र होते. ते निदान दर शनिवारी बाहेर जाई. मी शरद ऋतूची वाट पाही. पाने पिवळी झाली, की वासिली पेटी उघडी, मला तेल लावी, खिडकीकडे रोखून धरी आणि पुन्हा निजवी. कुलूप लागल्याचा आवाज मला पाठ झाला होता.

मग मात्रोना वारली. तिला गावी नेऊन मातीच्या स्वाधीन केले. वर्ष भरत आले, तसे गावात तिच्या वर्षाच्या जेवणाचे ठरले. त्या जेवणाला सारे गाव बसते. कपाटाच्या दाराआडून मी बापलेकीचे बोलणे ऐकले.

"बाबा, मी दुकानातून मांस पाठवते. चांगलं, महागातलं."

"तिच्या ताटात मी जन्मात विकतचं वाढलं नाही," वासिली म्हणाला. "आता वाढू?"

वेराने त्याचे एकट्याचे तिकीट काढले. शुक्रवारी यंत्रावरून उठायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा यंत्राला लागायचे. मधले दोन दिवस काय ते त्याचे होते, तेवढ्यात जेवणाचे मांस मिळवायचे होते.

विमानतळावर आमच्यासारख्या पेट्यांची रांगच होती. खिडकीतल्या मुलीने पेटी उघडायला लावली.

"रिकामी आहे ना, आजोबा?"

"रिकामी. गोळ्या वेगळ्या बांधल्यात."

"तुमच्याहून मोठी दिसते वयानं."

"धाकटी आहे. फक्त औषधं नाहीत तिला."

ती हसली. "मग कशाच्या शिकारीला निघालात?"

सोडायला आलेल्या वेराने तोंड उघडले. वासिलीने तिचा कोट ओढला. "गावाकडं," तो म्हणाला. "जरा फिरून येतो." मुलीने खांदे उडवले, माझ्यावर 'रिकामी' असा शेरा मारलेला एक कागद ठेवला आणि कुलूप लागले. किल्ली त्याच्या खिशात गेली.

नदीकाठच्या मोठ्या गावात आम्ही उतरलो. तिथून पुढे चिमुकले विमान. तिथे सामान चढवणाऱ्या नेलीने प्रत्येकाला बुटाकोटासकट काट्यावर उभे केले. वजन जास्त भरले. एका बाईची तान्ही मुलगी होती आणि तिच्या दुधाच्या डब्यांची खोकी होती. काहीतरी मागे राहणार होते. नेली पेटीपाशी आली.

"आजोबा, ही लगेच लागणार आहे का? उद्या सकाळच्या विमानात टाकते मी. घाई नसेल तर."

मित्रांनो, मी आत होते. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याचा हात पेटीच्या झाकणावरून हलला नाही. भोवती माणसे उभी होती. 'लागणार आहे' म्हटले, की 'कशाला' आले, आणि ते मोठ्याने बोलायचे नव्हते. शिवाय समोर ती तान्ही होती. मला वाचा असती, तर मी ओरडले असते.

"घाई कसली," वासिली म्हणाला. "राहू दे."

"बरं झालं बाई," नेली म्हणाली. "सगळे असे असते, तर माझे केस पिकले नसते."

विमान उडाल्याचा आवाज आला. मला पत्र्याच्या खोलीत नेले, कड्या लावल्या. सकाळी धुके उतरले. दुपारी ते अधिकच दाटले. 'आज एकही विमान नाही,' असे कुणीसे बाहेर म्हणाले. मी कपाटात वर्षे काढली आहेत, पण त्या पत्र्याच्या खोलीतले दोन दिवस मला त्याहून लांब वाटले. कपाटात असताना मला कुणाची निकड नव्हती. इथे होती.

तिकडे काय घडले, ते मला नंतर अकुलिनाकडून समजले. अकुलिना ही मात्रोनाच्या बहिणीची मुलगी. गावातली पट्टीची शिकारी. शनिवारी तिने विचारले, "काका, तुमची कुठाय?"

"मागं राहिली."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?"

"काय सांगणार?"

तीही त्याच रीतीत वाढलेली. तिने आपली बंदूक त्याच्या हातात दिली आणि दोघे होडीतून नदीच्या वरच्या अंगाला गेले. धुके थोडे विरले, तेव्हा झुडपांच्या कडेला, पाण्यात गुडघाभर, एक मूस उभा होता. वासिलीने अकुलिनाची बंदूक खांद्याला लावली. बराच वेळ तशीच धरली. मग खाली घेतली. मूस हळूहळू चालत निघून गेला.

"काका, केवढा जवळ होता."

"दुसऱ्याच्या चष्म्यातून मला दिसत नाही गं," तो म्हणाला. "अर्धवट लागून तो कुठंतरी तडफडत राहिला असता, तर ते जेवण तिला गोड लागलं असतं का?"

रविवारी संध्याकाळी धुके फाटले. पहिल्याच विमानाने मी गावी निघाले. उतरले तेव्हा मला मातीचा, ओल्या झुडपांचा वास आला आणि मी सुखावले. पेटी खाली ठेवली. कुलूप उघडले. वरती आभाळ होते आणि वासिलीचा चेहरा होता. त्याने प्रवासाचा कोट घातलेला होता, पिशवी खांद्याला होती. ज्या विमानाने मला आणले, त्याच विमानाने त्याला परत जायचे होते.

वैमानिकाने इंजिन चालूच ठेवले होते. वासिलीने मला उचलले. दस्त्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि मला अकुलिनाच्या हातात दिले.

"केसभर उजवीकडं ओढते ती. लहानपणापासूनची खोड आहे. रागवायचं नाही, आपणच डावीकडं धरायचं."

"बरं, काका."

"जरा फिरवून आण तिला."

"आणते."

तो निघाला. पेटी त्याने नेली नाही. माझ्या आकाराची ती पोकळी तिथेच उघडी पडली होती.

तिसऱ्या दिवशी अकुलिनाला मूस मिळाला. तिने मला केसभर डावीकडे धरले होते. वर्षाच्या जेवणाला सारे गाव जमले. मोठ्या पातेल्यात मांस शिजले, चरबीत फेटलेल्या बेरी झाल्या. कुणीतरी अकुलिनाची पाठ थोपटली, तेव्हा ती म्हणाली, "मला कशाला? बंदूक काकांची, जेवण काकांचं." तिने त्याला फोन लावला आणि तो पंगतीच्या मधोमध ठेवला. वासिली चमच्यांचा आवाज शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिचं ताट वाढलंत ना?"

"पहिलं तिचंच," अकुलिना म्हणाली.

त्यानंतर तो गावी आलेला नाही. दर शरद ऋतूत येतो येतो म्हणतो. अकुलिना मला नेमाने तेल लावते, तिच्या हाताला चूक नाही. मी कामात आहे, माझ्या गावात आहे, आणि तरीही धावपट्टीवर विमान उतरले, की मी खिळ्यांवर जागी होते. माणसे बूट काढत आत येतात. त्यांतल्या एकाही पावलाचा आवाज मला ओळखीचा वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, त्यांना कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगते. तुमच्या घरातले कुणी म्हातारे माणूस 'माझं काही नाही, राहू दे' म्हणाले, तर लगेच 'बरं' म्हणून वळू नका. जरा थांबा. त्याच्या हाताकडे पाहा. तो हात एखाद्या पेटीवर अजून ठेवलेला असेल, तर आधी ती पेटी विमानात चढवा.